दोन एकर आणि एक मृत्यूदाखला

गुरुजींनी नकाशा आणला होता. चित्रकलेच्या वहीचा मधला जोडकागद, त्यावर पट्टी लावून आखलेल्या बारा खोल्या, मधोमध तुळशीवृंदावन, कोपऱ्यात बोअर आणि दर्शनी भिंतीवर पाटीसाठी राखलेली जागा. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांची उभी नोकरी झाली. आता रस्त्याकडेची दोन एकर जिरायत आणि फंड-ग्रॅच्युइटीतले बारा लाख, एवढ्या भांडवलावर अनाथाश्रम काढायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ताईंना सल्ल्यासाठी बोलावलंय, असं ते सांगत होते. खरं म्हणजे त्यांना शाबासकी हवी होती.

ताईंकडून ती मिळवणं अवघड. तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती त्या बालकल्याण समितीवर बसल्या. सापडलेलं, सोडलेलं, पळून आलेलं, मार खाल्लेलं मूल चोवीस तासांच्या आत जिच्यापुढं उभं करावं लागतं, ती ही पाच जणांची समिती. तिथं बसून बसून त्यांना एक सवय जडली आहे. समोरचा कितीही उमाळ्यानं सांगत असो, तो थांबला की त्या शांतपणे म्हणतात, "बरं, मग?"

डिसेंबरची संध्याकाळ होती. निम्म्या गावाला कुलूप. दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या जोड्या बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये टाकून कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. मागं ओट्यांवर उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून दोघं बसले, चहा आला आणि गुरुजींनी नकाशा उलगडला.

"नकाशा छान आहे," ताई म्हणाल्या. "मुलं कुठली?"

"मुलांना काय तोटा? आपल्या एकट्या गावात नऊ आहेत. पंचक्रोशीत धरा चाळीस-पंचेचाळीस."

"नवांची सांगा."

गुरुजींना पाठ होती. सातवीतली एक पोर आणि चौथीतला तिचा भाऊ. बाप विहिरीच्या कामावर दगावला, आई दोन हंगामांपूर्वी बेळगावकडं फडावर वारली, दोघं आजीजवळ. तिसऱ्याचा बाप नाही, आई कोयत्याला जाते. चौथी-पाचवी बहिणी, आईनं दुसरं घर केलं, मामानं ठेवून घेतल्यात. सहाव्याचा बाप तुरुंगात. सातवी आणि आठवा यांच्या बापानं फवारणीचं औषध घेतलं, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. नववा आजोबांजवळ, कारण बाप पितो आणि आई माहेरी निघून गेली.

"आई-बाप दोन्ही नसलेली किती झाली?"

गुरुजींनी मनाशी मोजलं. "दोन."

"बरं, मग? उरलेल्या सातांना तुमच्या बारा खोल्यांत आणायचं, तर कुणाकुणाच्या मांडीवरून उचलणार?"

प्रश्न बोचरा होता, पण तो ताईंच्या मनानं काढलेला नव्हता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं देशभरातल्या बालसंस्थांची पाहणी करवून घेतली, तिचा अहवाल २०१८ साली आला. साडेनऊ हजारांहून अधिक संस्था आणि त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुलं. त्यांत खरोखरीची अनाथ किती? सुमारे ४२ हजार. आई किंवा बाप यांपैकी एक जण हयात असलेली मुलं मात्र एक लाख वीस हजार. म्हणजे ज्या इमारतींना आपण सरसकट अनाथाश्रम म्हणतो, तिथल्या बहुतेक मुलांना गावाकडं कुणी ना कुणी आहे. त्या कुणीतरीकडं मुलाला दोन घास घालण्याची आणि शाळेत धाडण्याची ऐपत नाही, एवढंच.

"आकडे दिल्लीचे," गुरुजी म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातलं बघा. शिरूर कासार तालुक्यात, आर्वीच्या माळावर दीपक आणि कावेरी नागरगोज्यांनी २००० साली शांतिवन उभं केलं, ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी. गेवराईला संतोष गर्जे. माई तर होत्याच. सिंधुताईंनी कुणाला विचारलं होतं? पोटची पोर दगडूशेठ ट्रस्टकडं सोपवली, आपल्या आणि परक्या लेकरात दुजाभाव होऊ नये म्हणून, आणि जगाची आई झाल्या. त्या जर अशा मोजत बसल्या असत्या ना, तर..."

"माईंच्या वेळी २०१५चा कायदा नव्हता, गुरुजी."

हा कायदा म्हणजे बाल न्याय अधिनियम. त्याच्या ४१व्या कलमाप्रमाणे मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी घ्यावी लागते, मग ती सरकारी अनुदानावर चालो की देणग्यांवर. नोंदणी पाच वर्षांची. ती न घेता मुलं ठेवली, तर ४२व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही तर धर्मादायला नोंदलेलो आहोत' हे उत्तर चालत नाही. धर्मादायची नोंदणी संस्थेची असते, ही मुलं ठेवण्याची. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळी प्रमाणपत्रं. वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी कुठल्याशा 'आश्रमा'वर छापा पडल्याची बातमी येते. त्यातले काही नराधम असतात. काही मात्र गुरुजींसारखेच भले लोक असतात आणि त्यांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

ताईंनी पिशवीतून पेन्सिल काढली. "खोली केवढी धरलीय?"

"दहा बाय बारा."

"म्हणजे १२० चौरस फूट. किती मुलं एका खोलीत?"

"सहा. गादीला गादी लावून. आम्ही बोर्डिंगात आठ झोपायचो."

"केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांत झोपण्याच्या खोलीत मुलामागं ४० चौरस फूट धरलेत. म्हणजे खोलीत तीन. आता बारातल्या चार काढा. स्वयंपाकघर, कोठी, कार्यालय आणि रात्री राहणाऱ्या बाईची. राहिल्या आठ. आठ त्रिक चोवीस. संडास किती काढलेत? चार. सातांमागं एक लागतो, ते बसतंय. पण पंचेचाळीस मुलं काही यात बसत नाहीत." पेन्सिलीनं त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात २४ लिहिलं आणि भोवती गोल केला. "शिवाय मुलं आणि मुली एका आवारात ठेवायला निघालात, ते तर मी बोलतच नाही. आता पगार. अधीक्षक, दोन काळजीवाहक, स्वयंपाकीण, रात्रीचा पहारेकरी, आणि प्रत्येकाची पोलीस पडताळणी. बारा लाखांत भिंती उभ्या राहतील. दुसऱ्या वर्षीच्या जूनचा पगार कुठून?"

गुरुजी थोडे दुखावले. 'आम्ही बोर्डिंगात आठ झोपायचो' हे वाक्य त्यांनी सहज टाकलेलं नव्हतं. ते स्वतः बोर्डिंगात राहून शिकले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली एक अख्खी पिढी अशी बोर्डिंगात घडली, आणि त्या परंपरेचा अभिमान वाटण्यात काही गैर नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची सुरुवात करून दिली, मग जातीजातींची वसतिगृहं निघाली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. गुरुजींनी हे सगळं सांगितलं, वर्गात सांगायचे तसं, उभं राहून.

ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. 'बरं, मग?' सुद्धा म्हणाल्या नाहीत.

"गुरुजी, तुमच्या बोर्डिंगला दिवाळीची सुट्टी होती का?"

"होती की. एकवीस दिवस."

"मग घरी जायचात."

"जायचो."

"आश्रमातल्या मुलाला ती नसते. दिवाळीला तो तिथंच असतो. त्या दिवशी दहा गाड्या येतात, फराळाचे बारा डबे येतात, आणि भाऊबीजेला संध्याकाळी सगळे गेल्यावर गेटला कुलूप लागतं. समितीत असताना मी एका मुलाला विचारलं होतं, इथं काय आवडत नाही तुला? मला वाटलं जेवण म्हणेल, मारतात म्हणेल. तो म्हणाला, पाहुणे."

यावर गुरुजी काही बोलले नाहीत. चहाचे कप विसळायला गेले.

ताईंच्या बाजूनं शास्त्रही आहे. रुमानियात हुकूमशाहीच्या काळात हजारो मुलं सरकारी संस्थांत कोंबली गेली होती. २००० साली बुखारेस्टमध्ये संशोधकांनी सहा महिने ते अडीच वर्षं वयाच्या आसपासची १३६ मुलं निवडली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एक गट प्रतिपालक कुटुंबांत दिला, दुसरा संस्थांतच राहिला. कुटुंबांत गेलेली मुलं बुद्ध्यंकात पुढं निघाली, माणसाला बिलगायला शिकली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं सर्वांत बरं झालं. आपल्या कायद्यानंही हेच धोरण धरलं आहे: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. रुमानियातल्या त्या कोंडवाड्यांची तुलना आर्वीच्या माळाशी करणं हा अन्याय होईल, आणि ताईही ती करत नाहीत. पण तान्ह्या मुलाला पाळीपाळीनं बदलणाऱ्या बायांच्या हाती वाढवलं, तर काय होतं, हे आता कुणाच्या मतावर सोडण्याची बाब उरलेली नाही.

इतिहास मात्र गुरुजींच्या बाजूनं उभा राहतो, निदान अर्धा. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५चा. वारीच्या गावी सोडून दिलेल्या अर्भकांसाठी तिथले मुन्सफ लालशंकर उमियाशंकर यांनी तो सुरू केला आणि प्रार्थना समाजानं चालवला. १८७७च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई भुकेल्या लेकरांसाठी अन्नछत्र चालवत होते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो बायका-मुली घेऊन केडगावला आल्या. मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हलली, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि पन्नालाल सुराणांसारख्या सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला 'आपलं घर' उभारलं. गावच उरलं नसेल, तर मूल कुणाच्या मांडीवर ठेवणार? अशा वेळी इमारत लागतेच, आणि लगेच लागते. पण गुरुजींच्या गावात भूकंप झालेला नाही. तिथं आजी आहे, मामा आहे, मदतनीस आई आहे. तिथली आपत्ती दर ऑक्टोबरला येते आणि एप्रिलला जाते.

"बरं, मग तुमच्या मतानं मी काय करावं?" गुरुजींनी ताईंचंच हत्यार उचललं. "दोन एकरांत हरभरा पेरू?"

"नवांची कागदं करा."

"कागदं?"

"बालसंगोपन योजना. आता सावित्रीबाईंच्या नावानं आहे. मूल अनाथ असो, एक पालक गेलेला असो, बाप तुरुंगात असो. अठरा वर्षांचं होईपर्यंत महिन्याला २,२५० रुपये, २०२३पासून. वर्षाचे २७ हजार. तुमचीच पंचक्रोशीतली संख्या धरू, चाळीस. चाळीस मुलांची प्रकरणं मंजूर झाली तर वर्षाला १० लाख ८० हजार. तुमचा सगळा फंड बारा लाख आहे, गुरुजी. जवळपास तेवढे पैसे दर वर्षी या चाळीस घरांत येऊ शकतात, आणि एकही वीट न रचता. शिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना चार हजार आहेत, ग्रामीण भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ७२ हजारांच्या आत असेल तर. दोन्ही एकदम मिळत नाहीत, पण एक तरी मिळावं की नाही?"

"मिळतंय का कुणाला? आपल्या गावात एकालाही नाही."

"म्हणूनच तर संस्था पाहिजे."

इथं गुरुजींचा राग उफाळला, आणि तो रास्त होता. प्रकरण म्हणजे काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. मृत्यूदाखला, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, घरासमोर मूल आणि पालक उभे राहून काढलेला फोटो. यातलं एक नसलं की फाईल परत. मंजूर झालं तरी पैसे महिन्याच्या महिन्याला कधी येत नाहीत. आणि आले तरी आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण खुरपून खुरपून बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. "म्हातारी तीनदा जाऊन आली बँकेत," ते म्हणाले. "चौथ्यांदा मी गेलो बरोबर. साहेब म्हणतो, सर्व्हर डाऊन. हे तुमचं कुटुंबात ठेवणं! मी पोराला ताटात भाकरी वाढू शकतो ताई, सर्व्हर वाढू शकत नाही."

ताई हसल्या. मग गुरुजींनी खरा मुद्दा काढला.

"ती सातवीतली पोर. आजी मला परवा म्हणाली, गुरुजी, पुढच्या साली हिचं उरकून टाकते. पोर न्हातीधुती झाली. मी पिकलं पान, मी गेले तर हिच्यावर नजर कोण ठेवील? आजी वाईट नाही. तिला भीती वाटते. रात्री दाराला कडी लावून म्हातारी जागी असते. आता सांगा, हिला आजीच्या मांडीवर ठेवू?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर निघालं. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास. या फरकामागं अडाणीपणा कमी आणि कोयता जास्त आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल जोडीवर मिळते. पोरगी मागं ठेवली तर काळजी, फडावर नेली तर जास्त काळजी. लग्न हा आई-बापांच्या लेखी पोरीसाठी शोधलेला आसरा असतो. अशा घरात महिन्याला २,२५० रुपये टाकले म्हणून तिथी मोडत नाही. या एका ठिकाणी ताईंच्या सगळ्या तर्काला मोठं भोक आहे, आणि बाल संरक्षणाच्या कार्यशाळांत त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

ताईंनी ते कबूल केलं, आढेवेढे न घेता. "हिच्यासाठी वसतिगृह पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण हंगामापुरतं, आणि शाळेला लागून. आजी दिवसा येऊन बसू शकेल इतक्या अंतरावर. हंगामी वसतिगृहाची योजना आहेच."

"ती कागदावर आहे. पोरांना जेवण शाळेत, झोपायला घरी. मला रात्रीचं म्हणायचंय."

"रात्री ठेवायच्या तर नोंदणी लागणार, बाई लागणार, सगळं लागणार."

"लागू दे. दोन खोल्या बांधतो. बारा नाही, दोन."

यावर दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. ताईंचं म्हणणं, आधी गावात विश्वासाची दोन घरं शोधा, जिथं हंगामात अशा पोरी झोपायला जातील, आणि ग्रामसेवकाला लेखी कळवून ठेवा, कारण बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. गुरुजींचं म्हणणं, लोकांच्या घरातली पोर उद्या लोकांच्या तोंडी येते. खोली संस्थेची असली की कुणाची बोलायची टाप नाही. ज्यानं गाव पाहिलंय त्याला गुरुजी चुकीचे वाटणार नाहीत.

नावावरून तर खडाजंगीच झाली. गुरुजींनी पाटीसाठी 'अनाथ बालकाश्रम' ठरवलं होतं. ताई म्हणाल्या, आई जिवंत असलेल्या मुलाच्या शर्टावर तुम्ही 'अनाथ' लिहिणार? गुरुजींनी अण्णासाहेब कर्व्यांचा दाखला दिला. १८९६ साली त्यांनी संस्था काढली तीही 'अनाथ बालिकाश्रम' या नावानं, आणि तिथं तर विधवा शिकायला होत्या. शब्दानं काय होतं? आणि व्यवहार बघा, ते म्हणाले, 'अनाथ' म्हटलं की माणसाचा हात खिशाकडं जातो. 'एकल पालकांची बालके' म्हटलं की तो विचारतो, म्हणजे काय हो? विचार करायला लागलेला माणूस देणगी देत नाही.

हे खरं आहे, आणि म्हणूनच घातक आहे. देणगीदाराला मूल दिसावं लागतं. वाढदिवसाचा केक येतो, फळं येतात, रांगेत बसवलेल्या मुलांसोबत फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर झळकतो. बाल न्याय अधिनियमाच्या ७४व्या कलमानं संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापायला, दाखवायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. राज्यभरातल्या फ्लेक्सना हे कलम लावायचं ठरवलं, तर पोलिसांना दुसरं काम उरणार नाही.

विश्वस्तांची यादी गुरुजींकडं तयार होती. अध्यक्ष ते, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष मेहुणे, सदस्य पत्नी, सून आणि दोन चुलतभाऊ. सात भरले.

"ही संस्था झाली की एकत्र कुटुंब?" ताईंनी विचारलं. "यात कोयत्याला जाऊन आलेली एक तरी बाई घ्या. आशा सेविका घ्या. पोलीस पाटील घ्या. लग्नं त्यांना आधी कळतात. आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'ग्राम बाल संरक्षण समिती' अशी पाटी रंगवलेली दिसली मला येताना. २०१४च्या शासन निर्णयाची. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. शेवटची बैठक कधी झाली?"

"पाटी रंगवली तेव्हा."

"मग तीच जिवंत करा आधी. नवी संस्था म्हणजे धर्मादायला अर्ज, दर वर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकर खात्याकडची नोंदणी. हे सगळं करा, मी मदत करते. पण मुलाला सांगितलंत का, की दोन एकर एकदा संस्थेच्या नावावर चढले की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत?"

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गुरुजींनी नकाशाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. "सांगतो," ते म्हणाले.

एवढ्यात सातवीतल्या पोरीची आजी आली. गुरुजींनीच निरोप धाडला होता, ताईंना दाखवायला म्हणून. बरोबर पोर नव्हती. ती भाकरी थापत होती. आजी सतरंजीच्या कडेला बसली आणि पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. रेशनकार्ड. मुलाचा मृत्यूदाखला. दोन आधार कार्डं, नातवाच्या आधारावर जन्मसाल चुकलेलं. आणि एक जुना सातबारा.

ताईंनी सगळ्यांत आधी सातबारा वाचला. एक एकर दहा गुंठे. मुलगा गेल्यावर वारस म्हणून आजी, सून आणि दोन्ही नातवंडांची नावं लागलेली, लेकरांच्या नावापुढं 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ता. ती आईच आता नाही.

"करतं कोण ही जमीन?"

"धाकला. ह्यांचा चुलता." आजी थांबली. "आता तो म्हणतो, इकून टाकू. पोरीच्या लग्नाला व्हईल."

"त्याला विकता येत नाही, आजी. तुम्हालाही नाही." ताई प्रथमच सावकाश, एकेक शब्द सोडत बोलल्या. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नात्यानं सांभाळ करणाऱ्या माणसाला अज्ञान मुलाची मिळकत विकण्याचा अधिकारच नाही. विकायचीच तर न्यायालयानं नेमलेला पालक लागतो आणि न्यायालयाची परवानगी लागते. "कुणी अंगठा मागितला तर द्यायचा नाही. आधी गुरुजींना विचारायचं."

आजीनं मान हलवली. समजलं किती, कोण जाणे. पण कागद तिनं परत बांधले नाहीत, तिथंच ठेवले.

"सुनेचा दाखला?"

तो नव्हता. सून फडावर तापानं फणफणली, दवाखान्यात पोचायच्या आत गेली, मुकादमानं टेम्पो करून दिला आणि रातोरात गावी आणून माती दिली. कागद कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. मृत्यूची नोंद जिथं माणूस गेला तिथंच होते. आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. त्या नोंदीशिवाय आजीचं पालकत्व अडतं, बालसंगोपनाचं प्रकरण अडतं, अनाथ प्रमाणपत्र अडतं, आणि त्या प्रमाणपत्रावर २०१८पासून नोकरी-शिक्षणात मिळणारं एक टक्का आरक्षणही. सरकारदरबारी त्या दोन मुलांची आई अजून जिवंत आहे. गावातली तेवढीच दोन खरीखुरी अनाथ लेकरं, आणि कागदावर तीही अनाथ नाहीत.

गुरुजींनी पट्टी मागवली. नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रकाने आखले: मृत्यूदाखला, आधार, बोनाफाईड, उत्पन्न, खातं, सातबारा. डावीकडं नऊ नावं. अक्षर वळणदार, फळ्यावरचं. पहिल्या दोन नावांपुढं, पहिल्या रकान्यात, दोन फुल्या. बाकीचे रकाने भरता भरता अंधार पडला आणि व्हरांड्यातला बल्ब लावावा लागला. फुल्या बऱ्याच झाल्या.

"सोमवारी निघू," ते आजीला म्हणाले. "कारखान्यावर आधी, मग तिथल्या पंचायतीत. मुकादमाचा नंबर आहे ना?"

नंतर कळलं ते असं. दोन खोल्यांचा वाद अजून मिटलेला नाही. ताई आल्या की तो पुन्हा निघतो. पुण्याच्या मुलाशी बोलणं झालं, तो काय म्हणाला ते गुरुजी सांगत नाहीत. धर्मादाय कार्यालयात अर्ज गेलेला नाही, संस्थेला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. खर्चाची वही मात्र सुरू झाली आहे. तिच्यातली पहिली नोंद बेळगाव जिल्ह्याच्या प्रवासाची आहे: एसटी, जाऊन-येऊन, दोन माणसं, आजीचं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण.